गोठवलेल्या भ्रूणाला घाई नसते

नाशिकच्या बाजारपेठेतील एकत्र कुटुंबांत काही गोष्टी सर्वांना ठाऊक असतात आणि तरीही त्या कोणी उघड बोलत नाही. लग्नाला पाच-सहा वर्षे होऊनही सुनेची कूस उजवली नाही, ही त्यांपैकीच एक. एके काळी अशा जोडप्यांना उपचारासाठी मुंबई किंवा पुणे गाठावे लागे. आता नाशिक शहरातच वंध्यत्वावरील उपचारांची केंद्रे आहेत आणि लासलगाव, मनमाड, येवला, सटाणा येथील जोडपी सकाळी निघून संध्याकाळी पेढी बंद होण्यापूर्वी घरी परततात. इंजेक्शने होतात, स्त्रीबीजे काढली जातात, प्रयोगशाळेत भ्रूण तयार होतात, आणि मग डॉक्टर सांगतात, “भ्रूण गोठवून ठेवू. गर्भाशयात पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या महिन्यात सोडू.”

घरची मंडळी गोंधळतात ती इथे. एवढा खर्च आणि यातायात झाल्यावर आता थांबायचे कशासाठी? ज्या घरात शिळ्या अन्नाला हात लावत नाहीत, तिथे ‘गोठवलेला’ हा शब्दच मनाला पटत नाही. ताजे ते चांगले आणि साठवलेले ते उणे, हा हिशेब स्वयंपाकघरात बरोबर असला तरी भ्रूणाला तो लागू पडत नाही. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये पेशींची सर्व हालचाल थांबलेली असते. तेथे भ्रूण एक महिना राहिला काय किंवा दोन वर्षे राहिला काय, तो ‘जुना’ होत नाही. स्त्रीचे वय वाढत जाते; भ्रूणाचे वय मात्र गोठवल्या दिवसाचेच राहते. म्हणून बत्तिसाव्या वर्षी गोठवलेला भ्रूण पस्तिसाव्या वर्षी गर्भाशयात सोडला, तरी यशाची शक्यता मुख्यतः बत्तिसाव्या वर्षाच्या स्त्रीबीजावरून धरली जाते.

थांबण्याची ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन ही जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, हे सर्वांना माहीत असते. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात एका मारवाडी कुटुंबात एक मुलगी जन्माला आली. दुर्गापूजेच्या सुमारास आलेली म्हणून तिला ‘दुर्गा’ म्हटले गेले. डॉ. सुभाष मुखोपाध्याय आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो भ्रूण त्रेपन्न दिवस गोठवून ठेवला होता आणि नंतरच्या नैसर्गिक पाळीच्या चक्रात तो आईच्या गर्भाशयात सोडला होता. त्यांचा विचार साधा होता. ज्या महिन्यात भरपूर स्त्रीबीजे मिळवण्यासाठी औषधे दिलेली असतात, त्या महिन्यात शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण इतके चढलेले असते की गर्भाशयाचे अस्तर भ्रूणाच्या स्वागताला तयार नसते. तेव्हा भ्रूण राखून ठेवावा आणि शरीर निवल्यावर तो परत द्यावा. आज नाशिकमधील डॉक्टर देतात ते कारण बहुतांशी हेच आहे.

डॉ. मुखोपाध्याय यांच्या वाट्याला मात्र अविश्वास आला. राज्य शासनाने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा मानला नाही, परदेशातील परिषदेला जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही, त्यांची बदली झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. दुर्गाच्या कुटुंबानेही लोकलज्जेस्तव पुष्कळ वर्षे मौन पाळले. ते मौन समजण्याजोगे आहे. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि वैज्ञानिक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षाचा जन्म झाला आणि भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचीच नोंद झाली. १९९७ मध्ये आनंद कुमार यांच्या हाती मुखोपाध्याय यांचे कागदपत्र आले. ते तपासून त्यांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात जाहीरपणे लिहिले की पहिला मान आपला नसून मुखोपाध्याय यांचा आहे. स्वतःच्या नावावर असलेले श्रेय दुसऱ्याच्या खाती वर्ग करणारी माणसे कोणत्याही क्षेत्रात थोडीच. दुर्गा, म्हणजे कनुप्रिया अगरवाल, २००३ मध्ये आपल्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास प्रथम जगासमोर आल्या.

त्या काळी भ्रूण हळूहळू थंड करीत आणि बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटण्याचा धोका राही. आता ‘व्हिट्रिफिकेशन’ पद्धतीने भ्रूण क्षणार्धात काचेसारख्या अवस्थेत नेला जातो व स्फटिक बनतच नाहीत. अनुभवी प्रयोगशाळेत शंभरापैकी नव्वदहून अधिक भ्रूण वितळवल्यानंतर सुखरूप असतात. उरलेले नसतात, हेही ध्यानात ठेवलेले बरे. कारण रोपणाच्या दिवशी सकाळी “एक भ्रूण टिकला नाही, दुसरा वितळवतो आहोत” असा फोन येऊ शकतो.

तयारीचे पंधरा दिवस

गर्भाशय दोन पद्धतींनी तयार केले जाते. ज्यांची पाळी नियमित आहे, त्यांच्या बाबतीत नैसर्गिक चक्रावर सोनोग्राफीने लक्ष ठेवून स्त्रीबीज सुटल्यानंतर साधारण पाचव्या दिवशी भ्रूण सोडता येतो. दुसऱ्या पद्धतीत पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या जातात. दहा ते चौदा दिवसांनी सोनोग्राफी होते. अस्तराची जाडी सात मिलिमीटर किंवा अधिक आणि त्याचे तीन पदर स्पष्ट दिसले की प्रोजेस्टेरॉन सुरू होते आणि पाच दिवसांच्या भ्रूणाचे रोपण त्याचे पाच दिवस पूर्ण झाल्यावर केले जाते. औषधांच्या पद्धतीत दिवस आधी ठरवता येतो, फेऱ्या कमी होतात. बाहेरगावच्या जोडप्यांना ती सोयीची वाटते. मात्र या पद्धतीत पुढे गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचे प्रमाण काहीसे अधिक आढळले आहे. म्हणून पाळी नियमित असेल तर “नैसर्गिक चक्रात करता येईल का?” हे विचारण्यास संकोच करू नये.

आपल्या घरांतील खरी अडचण औषधांच्या वेळांची आहे आणि ती डॉक्टरांच्या सहसा लक्षात येत नाही. इस्ट्रोजेनच्या गोळ्या अनेकदा दिवसातून तीन वेळा असतात. चौविहार पाळणाऱ्या श्राविकेला सूर्यास्तानंतर गोळी घेता येत नाही. डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. नवकारशी करणाऱ्यांसाठी त्यात आणखी अठ्ठेचाळीस मिनिटांची भर. म्हणजे दोन गोळ्यांमध्ये जवळजवळ चौदा तासांचे अंतर पडते. पुष्कळ स्त्रिया हे डॉक्टरांना सांगत नाहीत, रात्रीची गोळी मुकाट्याने सोडून देतात, आणि अस्तर वाढले नाही म्हणून महिना वाया जातो. पहिल्याच भेटीत नियम स्पष्ट सांगितला तर डॉक्टर मार्ग काढू शकतात. वेळा बदलता येतात, त्वचेवर लावण्याचे जेल देता येते, तीच औषधे योनिमार्गे देता येतात किंवा नैसर्गिक चक्र निवडता येते. प्रोजेस्टेरॉन तर बहुधा योनिमार्गे किंवा इंजेक्शनानेच देतात. आजारपणात आणि उपचारकाळात पच्चक्खाणाबाबत काय करावे, हे महाराजसाहेबांना किंवा साध्वीजींना विचारून घेणारी कुटुंबे आहेत. उपचार सुरू होण्याआधी हे विचारलेले असले म्हणजे सुनेच्या मनावर दोन्हीकडचे ओझे राहत नाही.

दुसरा प्रश्न औषधाच्या आवरणाचा. प्रोजेस्टेरॉनच्या मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून बनते. काही स्त्रियांना रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन गटातील इंजेक्शने देतात; ती डुकराच्या आतड्यांपासून मिळवलेल्या द्रव्यावर आधारित असतात. प्रोजेस्टेरॉनसाठी जेल, इंजेक्शन, डायड्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या असे पर्याय उपलब्ध आहेत. हेपॅरिन तर प्रत्येक स्त्रीला लागतेच असे नाही. ही चौकशी औषध सुरू होण्यापूर्वीच करावी. रोपणानंतर चौथ्या दिवशी कोणी नातेवाईक कॅप्सूलची माहिती मोबाइलवर दाखवतो आणि घाबरून ती बंद केली जाते, यापेक्षा वाईट काही नाही.

मुहूर्ताबद्दलही थोडे. गोठवलेल्या भ्रूणाचा मोठा लाभ हाच की तो थांबू शकतो. पर्युषण किंवा दशलक्षण पर्व आले, घरात लग्न आहे, दिवाळीत दुकानात पाय ठेवायला जागा नाही, सुनेला ताप आला, तर महिना पुढे ढकलण्यास हरकत नसते. अठाईचा संकल्प असेल तर तो आधी पूर्ण होऊ द्यावा. उपचारातील औषधे आणि सलग उपवास यांची सांगड घालू नये. मात्र ही मोकळीक प्रोजेस्टेरॉन सुरू होईपर्यंतच असते. ते सुरू झाले किंवा नैसर्गिक चक्रात स्त्रीबीज सुटले की रोपणाचा दिवस ठरून जातो. “पंचांगात परवा चांगले आहे, एक दिवस पुढे घ्या” ही विनंती त्यानंतर करू नये. भ्रूण आणि अस्तर यांचे वय जुळणे हाच तेथील योग.

रोपणाचा दिवस

ज्या दिवसाची घरात सर्वांत जास्त धास्ती असते, तोच बहुधा सर्वांत सोपा ठरतो. स्त्रीबीजे काढताना भूल द्यावी लागते; रोपणाला सहसा लागत नाही. सगळी क्रिया दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. मूत्राशय भरलेले असेल तर पोटावरून सोनोग्राफीत गर्भाशय नीट दिसते, म्हणून तासभर आधी पाणी पिण्यास सांगतात. उकळलेलेच पाणी पिण्याचा नियम असेल तर बाटली घरून न्यावी. केंद्रावर ते मिळेलच असे नाही. अत्तर, सेंट, उग्र वासाचे तेल त्या दिवशी टाळावे, कारण भ्रूणाच्या प्रयोगशाळेतील हवा फार जपावी लागते.

आत नाव, जन्मतारीख, पतीचे नाव पुनःपुन्हा विचारले जाते. यात अविश्वास नाही. बँकेत लॉकर उघडताना सही जुळवतात, तसेच हे. पती-पत्नींनी स्वतः नाव मोठ्याने सांगावे आणि पडद्यावर किंवा कागदावर वाचून घ्यावे. नंतर एक बारीक, लवचीक नळी गर्भाशयात नेली जाते. थोडी अस्वस्थता वाटते, क्वचित पाळीच्या वेळेसारखी कळ येते. पडद्यावर एक पांढरा ठिपका चमकतो. तो भ्रूण नसतो. भ्रूणासोबतच्या थेंबातील हवेचा बुडबुडा असतो. भ्रूण इतका सूक्ष्म की सोनोग्राफीत तो दिसत नाही. पण बुडबुडा कुठे सुटला हे कळले की भ्रूण कुठे सुटला हेही कळते.

कागदावर ‘४ एए’ किंवा ‘३ बीबी’ असे काही लिहिलेले असते. आकडा भ्रूण किती फुगला आहे हे सांगतो. पहिले अक्षर ज्या पेशींपासून बाळ घडते त्यांचे आणि दुसरे ज्यांपासून वार घडते त्यांचे. शाळेच्या गुणपत्रिकेसारखी ही अक्षरे वाचण्याची सवय व्यापारी मनाला लवकर लागते. ‘बी’ दर्जाच्या भ्रूणांपासून धडधाकट मुले जन्मली आहेत आणि ‘एए’ भ्रूण रुजले नाहीत असेही घडते.

याच वेळी आणखी एक मागणी ऐकू येते. खर्च तोच आहे तर दोन भ्रूण सोडा, जुळी झाली तर एकदाच सुटका. हा हिशेब चुकीचा आहे. जुळ्यांच्या गरोदरपणात अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजन, आईचा रक्तदाब आणि मधुमेह यांचे धोके वाढतात. नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षातील महिनाभराचे बिल पाहिलेला माणूस पुन्हा ‘एका खर्चात दोन’ म्हणत नाही. भ्रूण चांगला असेल तर एका वेळी एकच सोडणे आणि दुसरा राखून ठेवणे हेच शहाणपणाचे. गोठवण्याची सोय असल्यामुळेच हे शहाणपण परवडते.

आणि मुलगा की मुलगी हा प्रश्न डॉक्टरांना विचारूच नये. भ्रूणाचे लिंग निवडणे किंवा सांगणे हा गुन्हा आहे. गर्भलिंगनिदानाचा कायदा आणि २०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा, दोन्ही त्याबाबत कठोर आहेत.

वाट पाहण्याचे दिवस

रोपणानंतर साधारण नऊ ते चौदा दिवसांनी रक्तातील बीटा एचसीजीची तपासणी होते. तोवरचा काळ स्त्रीला सर्वांत जड जातो आणि घरच्यांच्या प्रेमाने तो अधिक जड होतो. सासूबाई तिला खाटेवरून उठू देत नाहीत, जाऊबाई पाण्याचा तांब्या हातात आणून देतात, जिना चढायची बंदी होते. हेतू चांगला असतो. तथापि रोपणानंतर झोपून राहिल्याने यश वाढत नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. भ्रूण गर्भाशयाच्या एकमेकांना चिकटलेल्या भिंतींमध्ये असतो. चालल्याने, खोकल्याने, लघवीला गेल्याने तो ‘पडत’ नाही. लासलगावला गाडीने परत जाण्यासही अडचण नसते. अवजड ओझी उचलू नयेत, दमछाक करणारा व्यायाम टाळावा, एवढे पुरे. देरासरात किंवा स्थानकात जाणे, सामायिक करणे, दुकानाच्या हिशेबात लक्ष घालणे, हे तिला आवडत असेल तर करू द्यावे. रिकामे मन लक्षणे मोजत बसते.

आणि लक्षणे फसवी असतात. छाती दुखणे, पोट फुगणे, झोप येणे, बद्धकोष्ठता ही सारी प्रोजेस्टेरॉनमुळेही होतात. ती आहेत म्हणून दिवस राहिले असे नव्हे, आणि नाहीत म्हणून राहिले नाहीत असेही नव्हे. थोडा लालसर किंवा तपकिरी स्राव दिसला तरी औषध स्वतःहून बंद करू नये. केंद्राला फोन करावा. घरच्या घरी मूत्रतपासणीची घाई करू नये. नैसर्गिक चक्रात स्त्रीबीज सुटावे म्हणून एचसीजीचे इंजेक्शन दिलेले असेल, तर त्याचाच अंश काही दिवस चाचणीत ‘होकार’ दाखवतो. त्या खोट्या होकारावर पेढे वाटून झालेले घर नंतर सावरणे कठीण.

बीटा पाचाच्या खाली असेल तर गर्भधारणा झालेली नाही. अहवाल होकारार्थी असेल तर अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा रक्त देऊन आकडा वाढतो आहे की नाही ते पाहतात. सुरुवातीला तो साधारण दुपटीच्या आसपास वाढावा अशी अपेक्षा असते. आकडा वाढून पुन्हा खाली आला तर गर्भ रुजला, पण टिकला नाही असे समजतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसतात. औषधांच्या चक्रात प्रोजेस्टेरॉन दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत चालते, कारण तोवर वार ते काम हाती घेत नाही. पोटात एका बाजूस तीव्र वेदना, चक्कर किंवा खांद्यात दुखणे असे काही झाले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गर्भनलिकेत गर्भ रुजण्याची शक्यता थोडी का होईना, असते.

यशाचे प्रमाण विचारताना ‘गर्भधारणा किती’ आणि ‘जिवंत बाळ किती’ यांतील फरक ध्यानात घ्यावा. जाहिरातीत पहिला आकडा असतो. घराला दुसरा हवा असतो. स्त्रीचे वय पस्तिशीच्या आत आणि भ्रूण उत्तम असतानाही एका रोपणातून बाळ घरी येण्याची शक्यता फार तर निम्म्याच्या आसपास असते आणि वयाबरोबर ती उतरत जाते. म्हणजे सर्व काही नीट करूनही पहिल्या वेळी नकार येणे ही सामान्य घटना आहे. भ्रूण न रुजण्याचे सर्वांत मोठे कारण त्याच्या गुणसूत्रांतील दोष हे असते. तो दोष सुनेने खाल्लेल्या पपईमुळे, चढलेल्या जिन्यामुळे किंवा मोडलेल्या एखाद्या नियमामुळे निर्माण होत नाही. वंध्यत्वाच्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकट्याने किंवा जोडीने असते, हेही घरातील वडीलधाऱ्यांनी ऐकून ठेवावे. निकालाच्या दिवशी दहा ठिकाणांहून फोन येऊ नयेत म्हणून रोपणाची तारीखच मोजक्या दोघा-तिघांपुरती ठेवणे उत्तम.

कागद आणि पैसा

सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार केंद्राची नोंदणी आवश्यक आहे. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. यशाची शक्यता, धोके आणि खर्च समजावून सांगणे हे केंद्राचे कर्तव्य आहे. भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी कोणत्याही क्षणी जोडप्याला संमती मागे घेता येते. खर्चाचे तपशीलवार पत्रक लेखी मागावे: वितळवण्याचे किती, रोपणाचे किती, औषधे व सोनोग्राफी त्यात आहेत की वेगळ्या, साठवणुकीचे वार्षिक शुल्क किती. त्याच यादीत अस्तराच्या विशेष तपासण्या, ‘ग्लू’, अस्तरावर ओरखडा काढणे असे जोड-उपचार असतील तर “माझ्या बाबतीत याचा पुरावा काय?” असे विचारावे. अशा अनेक गोष्टींचा लाभ सर्वांना होतो असे सिद्ध झालेले नाही. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत वंध्यत्व उपचार ‘एक्स्क्ल १७’ या वगळणुकीत येतात. पॉलिसी काढून ती ओळ वाचावी. आयव्हीएफसारखी सेवा ही आरोग्यसेवा असल्याने तिला जीएसटीतून सूट आहे, असे स्पष्टीकरण ऑगस्ट २०२२ मध्ये निघाले आहे. बिलात उपचारसेवेवर कर लावलेला दिसला तर विचारणा करण्यास हरकत नाही.

भ्रूण गोठवण्याच्या संमतिपत्रावर सर्वांत घाईने सही होते, आणि तोच कागद सर्वांत सावकाश वाचण्याचा आहे. पती किंवा पत्नीचा मृत्यू झाला अथवा कोणी असमर्थ झाले तर भ्रूणांचे काय करावे, याची लेखी सूचना दिल्याविना केंद्राला भ्रूण गोठवता येत नाहीत. मुदत ठेवीवर नॉमिनीचे नाव टाकताना माणूस जितका विचार करतो, तितका तरी येथे करावा.

साठवणुकीची कायदेशीर मर्यादा दहा वर्षांची आहे. त्यानंतर भ्रूण नष्ट होऊ दिले जातात किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला दिले जातात. अहिंसा आचरणाऱ्या घराला हे वाक्य सहज गिळता येत नाही. गर्भधारणेपासूनच जीव मानणाऱ्या परंपरेत, दोन मुले झाल्यावर उरलेल्या पाच भ्रूणांचे काय, हा प्रश्न काही श्राविकांना वर्षानुवर्षे छळतो. साठवणुकीचे शुल्क भरत राहायचे आणि निर्णय टाळायचा, असे चालते. यावर उपाय आहे, पण तो रोपणाच्या वेळी नाही, स्त्रीबीजे काढण्याच्या आधी आहे. सर्व स्त्रीबीजे फलित न करता मोजकीच करावीत आणि बाकीची फलित न करता गोठवावीत, असे डॉक्टरांना सांगता येते. फलित झालेल्यांपैकी प्रत्येक भ्रूण वाढतोच असे नाही, त्यामुळे फार कमी संख्या धरली तर पुन्हा संपूर्ण उपचार करण्याची वेळ येऊ शकते, विशेषतः वय पस्तिशीपुढे असेल तर. डॉक्टर हे आकडे सांगतील. त्या आकड्यांपुढे किती भ्रूण तयार करावेत हे पती-पत्नींनी मिळून ठरवावे. वडीलधाऱ्यांनी मत विचारले तरच द्यावे.

ज्यांचे भ्रूण आज गोठवलेले आहेत त्यांनी साठवणुकीचे नूतनीकरण कोणत्या महिन्यात येते ते दुकानाच्या नव्हे, घरच्या डायरीत लिहून ठेवावे. पंचवटीतील जुना वाडा सोडून गंगापूर रोडला फ्लॅट घेतला, मोबाइल क्रमांक बदलला, आणि केंद्राची सूचना जुन्या पत्त्यावरून परत गेली, असे सहज होऊ शकते. पत्ता बदलल्याचे केंद्राला लेखी कळवावे, पोच घ्यावी आणि ती संमतिपत्राच्या प्रतीसोबत त्याच फाइलमध्ये लावावी.